भिंतीवरचा कॅप्टन

मेहिटी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली, तसा ओबेड खुर्चीवर चढला. बायकोच्या पहिल्या नवऱ्याला त्याने खिळ्यावरून उतरवलं, कोटाच्या आत दडवलं आणि पुढच्या दाराने सटकला.

पहिला नवरा म्हणजे कॅप्टन लेम्युएल. बिचारा बुडून गेला त्याला बरीच वर्षं झाली. मागे उरली ती चौकटीतली त्याची सावली. पांढऱ्या कागदातून बाजूने दिसणारा चेहरा नेमका कापून काढलेला आणि त्या भोकामागे काळं कापड. रुंद कपाळ, सरळ नाक. समोरच्या भिंतीवर मेहिटीची सावली, त्याच्याकडे तोंड करून. पिंपं बनवणारा ओबेड रोज त्या दोघांच्या मधे बसून जेवायचा, आणि आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत असं त्याला वाटायचं.

त्यात दर रविवारी चर्च सुटलं की कॅप्टनची बहीण टॅबिथा हजर. शनिवारी काकवीत शिजवलेला घेवडा गारच चापायची आणि भिंतीकडे बघून सुस्कारा सोडायची, "काय ते कपाळ! आमच्या घराण्याचं!" मग ओबेडकडे बघायची आणि काहीच बोलायची नाही. ते न बोलणंच त्याला जास्त झोंबायचं.

म्हणून सावल्या कापणारा फिनियस खाणावळीच्या माडीवर उतरलाय असं कळल्याबरोबर ओबेडने ठरवून टाकलं. आपलीही सावली काढायची, आणि अशी काढायची की कॅप्टन तिच्यापुढे फिका पडला पाहिजे.

"हे नाक बघा," माडीवर पोचताच त्याने चौकट पुढे केली. "माझं याच्याहून सरस काढायचं."

"मी कुठला काढतोय हो?" फिनियस म्हणाला. "या दांडीचं एक टोक तुमच्या तोंडावरून फिरतं, दुसरं तीच रेघ कागदावर लहान करून ओढतं. आहे तेच उमटणार."

"जरा इकडे-तिकडे केलंत तर?"

"हलू नका."

गार दांडी कपाळावरून नाकावर आली, ओठांवरून खाली उतरली आणि हनुवटीपाशी अडखळली.

"इथे चढ लागलाय," फिनियस म्हणाला. "बायको सुगरण दिसतेय."

ओबेडला हलायची चोरी होती. फिनियसने कागदाच्या चौघडीवर बारीक कात्री चालवली आणि एकदम चार सावल्या झाल्या. कापलेले चेहरे जमिनीवर पडले.

कितपत हरलो ते एकदाचं बघून टाकावं म्हणून ओबेडने आपला कागद खिडकीच्या काचेवर धरला आणि कॅप्टनचा कागद चौकटीतून काढून त्यावर ठेवला. कपाळावर कपाळ बसलं. नाकावर नाक बसलं. ओठसुद्धा बसले. फरक काय तो हनुवटीखालच्या चढाचा.

"लबाडी! तुम्ही याचीच नक्कल मारलीत!"

"दांडी तुमच्याच तोंडावरून फिरली ना?" फिनियसने जुन्या कागदाचा कोपरा उजेडात नेला. तिथे त्याचाच शिक्का उठलेला होता. "हीसुद्धा माझ्याच हातची. पूर्वी कधी बसला होतात का माझ्याकडे?"

बसला होता. अंगाने काटकुळा होता तेव्हा, याच बंदरात जत्रेला आला असताना. सावल्या नेऊन आईला दिल्या होत्या आणि विसरून गेला होता. स्वतःचं तोंड बाजूने कोणाला दिसतं?

"चारातली एखादी लोक गडबडीत टाकून जातात," फिनियस म्हणाला.

ओबेडने दोन्ही कागद पुन्हा जुळवून पाहिले. म्हणजे इतकी वर्षं तो स्वतःवरच जळत होता!

घरी मेहिटी रिकाम्या खिळ्याखाली कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कॅप्टन कुठे गेले?"

ओबेडने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मेहिटीने पाहिलं आणि एप्रन तोंडाशी नेला.

"तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं! जत्रेत फिनियसकडे गेलो होतो, पण ते एका जागी बसतील तर शपथ. दांडी नाकाला लागली मात्र, शिंकले आणि गेले उठून घोडे बघायला. माझी सावली तयार झाली होती. फिनियसने टेबलावरची एक उचलली, म्हणाला, ही तुमच्या यजमानांची ना?"

"मग?"

"मी बघितली. म्हटलं, हो."

"का पण?"

मेहिटी उगाच एप्रनच्या चुण्या सारख्या करत राहिली. "वाटलं, हा माणूस बसला तर जागेवर बसेल." मग हळूच म्हणाली, "पुढे ते गेले. एक दिवस तुम्ही पिंप घेऊन दारात आलात. दार उघडलं, तर तुम्ही बाजूला बघत उभे. हातातलं पीठ सांडलं माझ्या."

ओबेडने जुना कागद उचलला. "एका शब्दाने बोलली नाहीस ती!"

"वन्संना काय वाटेल हो? भावाचं तेवढंच तर उरलंय त्यांच्याकडे."

ओबेडने कागद चौकटीत नीट बसवला आणि खुर्चीवर चढून स्वतःच्या हाताने परत खिळ्याला अडकवला. नवीन सावल्या त्याने कपाटात टाकल्या.

रविवारी टॅबिथा आली. घेवडा पानात घेतला आणि भिंतीकडे बघून सुस्कारली. "काय ते कपाळ! असं आता बघायला तरी मिळतं का कुठे?"

"नाहीच मिळत," ओबेड म्हणाला. तो खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसला होता, हनुवटी वर उचलून.

टॅबिथाचा चमचा हातातच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं.

"मेहिटी," टॅबिथा अखेर म्हणाली, "रोज समोर बसून बसून आमच्या लेम्युएलचं थोडं वळण आलंय गं याच्यावर."

"तुमचीच कृपा, ताई," ओबेड म्हणाला, आणि घेवड्याचं भांडं पहिल्यांदाच आपणहून तिच्याकडे सरकवलं.