शिट्टीकाकांची मिशी

कोपऱ्यावरचा सलूनवाला बोलण्यात कोणाला हार जाणारा नव्हता. हवामान, खेळ, शेजारच्यांची भांडणं, ज्याला जो विषय हवा तो खुर्चीत बसल्या बसल्या पुरवायचा. फक्त एक होतं, तो बोलायचा ते आरशात बघून. गिऱ्हाईक पुढे तोंड करून बसलेलं, हा मागे उभा, आणि सगळ्या गप्पा काचेतल्या काचेत. थेट तोंडावर तो कोणाशी बोलायचा तर बायकोशी, आणि तेही जपून.

बायकोचं काम नेमकं उलटं. दुकानाच्या मागच्या भागात, पडद्यापलीकडे, तिचं बायकांचं पार्लर होतं. आयब्रो करायच्या म्हणजे दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं आणि समोरचीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर वाकायचं. इतक्या जवळून खोटं हसायचीही सोय नसते.

ते पार्लर गेला महिनाभर बंद होतं. ती पोटुशी आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. गल्लीने तर नावंसुद्धा सुचवून ठेवली होती, ती कोणी मागितली नव्हती ही गोष्ट वेगळी. मग एक दिवस सलूनवाल्याच्या आईने सगळ्यांना सांगून टाकलं, "बाळ गेलं आमचं." घरात येऊन ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. जास्त काही बोलू नका." बाळ गेलं हे खोटं नव्हतंच. पण ते अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं असं. सुरुवातीच्या सोनोग्राफीत सगळं ठीक होतं. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई बोलता बोलता गप्प झाल्या. दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवलं, पुन्हा तपासण्या झाल्या, आणि तोवर सहावा लागला. बाळाच्या मेंदूचा रक्तपुरवठा मधेच कधीतरी तुटला होता आणि मेंदूच्या बऱ्याचशा जागी नुसतं पाणी उरलं होतं. जन्मलं असतं तर थोडे दिवस, फार तर थोडे महिने काढलं असतं, झटके सोसत, आईला न ओळखता. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून दोघांच्या समोर बसल्या. गर्भ वाढू देणं किंवा इथेच थांबवणं, दोन्ही वाटा त्यांनी नीट समजावल्या. "तुम्ही जे ठरवाल त्यात मी तुमच्याबरोबर आहे," असं म्हणाल्या आणि घड्याळाकडे एकदाही न बघता बसून राहिल्या. ठरवलं बायकोनेच. "जे सोसायचं ते मी सोसते, बाळाला नको," ती म्हणाली. त्यानंतर औषधाने कळा सुरू करून बाळ जन्माला आणावं लागलं, तेव्हा ड्यूटी संपलेली नर्स घरी न जाता तिचा हात धरून थांबली. बाळाला पुसून, मऊ कापडात गुंडाळून तिनेच दोघांच्या हातात दिलं.

त्या दोन बायांचे उपकार सलूनवाल्याच्या छातीत दाटून बसले होते. येईल त्याला सांगावंसं वाटे की बाबा, जगात अशीही माणसं असतात. पण आभार मानायचे म्हणजे कशाचे तेही सांगावं लागतं. तिथे त्याची जीभ टाळूला चिकटायची.

बायको मात्र खमकी. "मी सोमवारपासून येते," तिने सांगितलं. "पण लोकांना खरं सांगून ठेव. प्रत्येकीच्या तोंडावर वाकून मला खोटं बोलता यायचं नाही, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायची ताकदही नाही. नाही सांगितलंस तर मी येणार नाही, कुठेतरी लांब नोकरी बघेन."

ती तसं करेल याबद्दल त्याला शंका नव्हती. आठवडाभर तो रोज ठरवून दुकान उघडायचा आणि रोज न सांगता बंद करायचा. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. बघता बघता रविवार उजाडला.

रविवारी शिट्टीकाका दाढीला आले. हे एके काळी मैदानावर रेफरी होते. रिटायर झाल्यावर शिट्टी गळ्यातून गेली, पण निकाल द्यायची सवय काही जाईना. भाजीवाल्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांचे फाउल ते धरत. मिशी मात्र बघण्यासारखी होती, दाट, पांढरीशुभ्र, टोकांना वर वळलेली. गल्लीतली लहान मुलं त्यांना ओळखायची ती त्या मिशीवरूनच. मागे बाकावर बेकरीवाला पेपर चाळत नंबर लावून बसला होता.

सलूनवाल्याने फेस लावला, दाढी केली आणि मिशीची कड कोरायला घेतली. कोपऱ्यातल्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या. कुठल्याशा बाईने सहाव्या महिन्यात गर्भपाताची परवानगी मागितली होती. काकांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"सहा महिने काय झोपली होती का ही बया? मन फिरलं की चालली पाडायला! काळीज कसं होतं म्हणतो मी या लोकांचं?"

सलूनवाल्याचा हात थरथरला वगैरे नाही. मिशीच्या कडेशी थांबायचं असतं, तिथे तो फक्त थांबला नाही. वस्तरा सरळ नाकाखालपर्यंत गेला आणि मिशीची अख्खी डावी बाजू फेसासकट टॉवेलवर पडली.

बेकरीवाल्याने पेपर खाली केला. काकांनी आरशात बघितलं, डोळे मिटले, पुन्हा बघितलं.

"अरे... अरे, हे काय केलंस?"

इतक्या वर्षांत ज्याने कोणाला साधं ओरबाडलं नव्हतं, त्या सलूनवाल्याने खुर्चीची पाठ धरली आणि ती गर्रकन फिरवली. आरसा मागे गेला आणि दोघं समोरासमोर आले.

"ती झोपली नव्हती, काका," तो म्हणाला. "झोपच नव्हती आम्हाला. ते आम्हीच आहोत. म्हणजे टीव्हीतले नाही, पण तेच."

आणि मग त्याने सगळं सांगितलं, अडखळत, पुढचं मागे आणि मागचं पुढे करत. पहिल्या सोनोग्राफीत काही नव्हतं कारण तेव्हा ते घडलंच नव्हतं, हे तो दोनदा म्हणाला. पाणी, झटके, डॉक्टरीणबाईंची ओढलेली खुर्ची, नर्सने धरलेला हात. "मन फिरलं नव्हतं हो," तो म्हणाला. "पाळणा आणून ठेवला होता. त्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला ठरवू दिलं म्हणून बाळाला कळ लागली नाही. त्यांचे पाय धरावेत असं वाटतं मला, आणि इथे मी कोणाला सांगू शकत नाही."

टीव्ही बेकरीवाल्याने केव्हाच बंद केला होता. अर्ध्या मिशीचे काका खुर्चीत ताठ बसून होते. हसू येण्यासारखं ते ध्यान होतं, पण कोणी हसलं नाही.

"आणि ती?" काकांनी विचारलं. "पोरगी कशी आहे?"

महिनाभरात बाळाबद्दल सगळ्यांनी हळहळ केली होती. तिच्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. सलूनवाला तिथेच बेकरीवाल्याशेजारी बाकावर बसला आणि टॉवेलात तोंड घालून रडला. बेकरीवाल्याला काय करावं ते सुचेना, म्हणून तो त्याच्या पाठीवर पीठ थापटावं तसा थापटत राहिला.

"माझं चुकलं," काका जरा वेळाने म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मैदानावरही कोणी ऐकले नसतील. "खेळ न बघताच निकाल दिला मी. ऊठ आता, ही दुसरी बाजूही उडव. असा घरी गेलो तर बायको दार उघडायची नाही."

काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातून बिनमिशीचे काका गल्लीतून निघाले म्हटल्यावर जो तो विचारू लागला, "काका, मिशी कुठे गेली?" काका प्रत्येकापाशी थांबले. प्रत्येकाला त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, आधी स्वतःची चूक आणि मग बाकीचं. संध्याकाळपर्यंत गल्लीत न ऐकलेला माणूस उरला नव्हता.

सोमवारी सकाळी बायको उंबऱ्याशी थांबली. "सांगितलंस?"

"शिट्टीकाकांना सांगितलं."

"म्हणजे सगळ्यांना," ती म्हणाली आणि आत आली.

सगळंच गोड झालं असं नाही. समोरच्या शिंपीणबाई तिला बघून मान फिरवून गेल्या, त्या पुढेही बरेच दिवस तशाच जात राहिल्या. बायकोने ते बघितलं आणि पडदा सारून आपली खुर्ची पुसायला घेतली.

पहिल्या आल्या त्या शिट्टीकाकांच्या बायको. "आमच्या ह्यांचं तोंड किती वर्षांनी बघितलं गं मी," त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "मिशी होती तेच बरं होतं. कर बाई माझ्या आयब्रो." दोरा चालू झाला. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. मधेच, भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज, त्यांनी विचारलं, "बाळ दिसायला कसं होतं गं?"

दोऱ्याचा आवाज थांबला. घरात हा प्रश्न कोणी काढला नव्हता, सलूनवाल्यानेसुद्धा नाही. इकडे त्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावर फेस सुकत चालला होता.

"गोड होतं, काकू," बायकोचा आवाज आला. "केस भरपूर. कान ह्याचे होते, बाहेर आलेले. नाक माझं होतं, नशीब." ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.

सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला. बायकांच्या बाजूला तो कधी पाऊल टाकत नसे. आज त्याने पडदा बाजूला केला आणि आत जाऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"हनुवटीपण माझी होती," तो म्हणाला.