वाघझिरीचा उतार

माझे सासरे, आमचे मामंजी, धारच्या दरबारी शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. जगाला ते चित्रकार बळवंतराव, घरातल्या पोरांना तात्या. त्यांनी रंगवलेल्या दऱ्या दिल्ली-मुंबईच्या भिंतींवर टांगल्या आहेत आणि शहाणी माणसं त्यांच्यापुढे मान तिरपी करून उभी राहतात. देवासच्या आमच्या घरात त्यांची पाचच लहान चित्रं उरली. इंदूरचा एक व्यापारी ती मागायला आला होता. त्याला मी चहा पाजला आणि दार दाखवलं. मामंजींबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, तर त्याला चहासुद्धा मिळत नाही, हे नात्यात सगळ्यांना माहीत आहे.

माझी नात देवश्री आणि तिचा मित्र अंकित, या दोघांनी एक उद्योग काढला होता. मामंजींनी जिथे बसून चित्र काढलं ती प्रत्येक जागा पायी फिरून हुडकायची आणि तिथेच उभं राहून फोटो घ्यायचा. रानात तंबू ठोकायचे, मॅगी खायची, पायाला फोड घेऊन परत यायचं.

"काम कधी करणार रे?" मी विचारायची.

"आजी, हेच तर काम आहे," अंकित म्हणायचा.

"अरे भिया, मामंजी रानात जाऊन काहीतरी घेऊन यायचे. तुम्ही नुसते बघून येता!"

तो हसायचा. पोरगा चांगला आहे, पण बोलायला मी थोडीच सोडणार?

दोनच जागा राहिल्या होत्या. वाघझिरी आणि निंबदरी, दोन्ही धारच्या पुढे घाटात. आधी वाघझिरी, निंबदरी पुढच्या महिन्यात, असं ठरलं.

मामंजींची एक पद्धत होती. जागेचं नाव चित्राच्या कोपऱ्यात रंगाने घालायचे, आणि फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दरीत उतरायची वाट लिहायचे. पुन्हा जाणं झालं तर चुकायला नको म्हणून. सोमवारी देवश्रीने वाघझिरीची फ्रेम भिंतीवरून काढून उलटी केली. माझ्या मुलाला, चिंतामणीला, ते अक्षर लागेना. हिंदी शाळेत घातला, त्याचं हे फळ. मी स्वतः तिसरी पास. छापील वाचते, पेन्सिलीचं नाही. देवश्रीला मराठी वाचायला तिच्या आईने शिकवलं. तिने मोठ्याने वाचलं, "उजवीकडून उतरावे. दगड पायऱ्यांसारखे आहेत."

"आजी, इतकी जुनी वाट आहे," अंकित म्हणाला. "भरोसा करायचा? आधी गावात विचारून घेतो ना."

मला झोंबलं. "मामंजींचं लिहिलेलं गुराख्यांना विचारून ताडून बघणार तू? उजवीकडे म्हणजे उजवीकडे!"

मग गावात विचारायचं त्याने सोडून दिलं.

बुधवारी सकाळी सातला देवश्रीचा फोन. "आजी, धारच्या गणोजीकाकांनी त्यांच्या जीपने कड्यावर सोडलं. आता उतरतो. खाली नेटवर्क नसेल, टेन्शन घेऊ नको."

पूजा आटोपून मी फ्रेम जागेवर टांगायला घेतली. मागचा पुठ्ठा फ्रेमला बोटभर आखूड, म्हणून वर कागदाची घडी खोचलेली. घडी माझ्याच हातची. तीन दिवाळ्यांपूर्वी रंगकाम निघालं, तेव्हा पाचही चित्रं मी उघडून पुसली होती. सुनेला हात लावू दिला नव्हता. मग पुठ्ठ्यावर तुपाचा पिवळा डाग दिसला आणि मी फ्रेम परत खाली ठेवली. लग्नानंतरच्या वर्षी मामंजींच्या मागे दशम्यांचा डबा घेऊन मी एकदा गेले होते, तेव्हा माझ्या हातून त्यांच्या कागदाखालच्या याच पुठ्ठ्यावर तूप सांडलं होतं. पण ती वाघझिरी नव्हती. ती निंबदरी. पुसून परत बसवताना पुठ्ठ्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती.

"लतिका!" मी सुनेला हाक मारली. "निंबदरीचं चित्र उतरव. मागचं वाच."

लतिका नागपूरची, तिला अक्षर लागतं. तिने वाचलं, "डावीकडून उतरावे, ओढ्याच्या काठाने. उजवा कडा सुटा आहे. तिकडे पाय ठेवू नये."

लतिका फोनकडे धावली. लेक तिची.

देवश्रीला फोन लावला. अंकितला लावला. फोनमधली बाई प्रत्येक वेळी तेच सांगे, नेटवर्क क्षेत्र के बाहर. "मला काय सांगतेस?" मी तिच्यावर ओरडले. "तिकडे त्यांना सांग ना!" चिंतामणीचा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो, सुट्टीपर्यंत मिळत नाही. गणोजी तेवढा लागला. तो धारला परतला होता.

"काकी, दीड घंटा लागेल पोचायला."

"मग बोलतोस काय? नीघ!"

तो निघाला, आणि मला करण्यासारखं काही उरलं नाही. टेकडीवरच्या देवीला हात जोडले, पण काय मागायचं तेच जुळेना. लतिकेला म्हटलं, पुन्हा लाव. तिने लावला. मी खेकसले, नीट लाव. एरवी ती एकाला दोन ऐकवते. त्या दिवशी नुसती नंबर लावत राहिली. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी गणोजीचा फोन आला. उतरताना दगड सुटले. अंकित वर होता, वाचला. देवश्री तीन माणसांच्या उंचीइतकी खाली एका कपारीत अडकली होती. गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून वर आणली. डावीकडून.

धारच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मांडी दोन जागी मोडली आहे, गुडघ्याचं आता सांगता येत नाही. पोरगी चालेल. डोंगर चढेल का, ते विचारू नका.

अंकित कपाळाला पट्टी बांधून बाकावर फोनमध्ये लिहीत होता. काय लिहितोस, विचारलं. त्याने हळूच वाचून दाखवलं: बळवंतरावांनी लिहिलेल्या वाटा चुकीच्या आहेत, त्यांच्या भरवशावर कोणी दरीत उतरू नये.

"पुसून टाक ते," मी म्हटलं. "मामंजी चुकले नाहीत. पुठ्ठ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. चूक माझी आहे."

अंकितने चिंतामणीकडे पाहिलं.

"आई, आता तरी पुरे!" चिंतामणीचा आवाज फाटला. "पोरीचा पाय गेला, आणि तुला अजून तात्यांच्या नावाचंच पडलंय?"

"लतिकेला विचार. तिने वाचलंय."

लतिका भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

मी आत गेले. देवश्रीला गुंगी होती, तरी ओळखलं तिने. मी पुठ्ठ्याचं, तुपाच्या डागाचं, सगळं सांगितलं. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. तिने माझा हात धरला.

"आजी, तू कशाला अंगावर घेतेस?" ती म्हणाली. "तात्यांना कोणी काही म्हणणार नाही. मी सांगेन अंकितला."

"अगं, मी खरं सांगते आहे!"

"हो गं, खरंच," ती म्हणाली, आणि लहान मुलाला थोपटावं तसं मला थोपटत राहिली.