कडेकडून आत

"पेटीला हात लावायचा नाही, दादा."

सुनीता सभागृहाच्या दारातच आडवी उभी होती. शिरीषचा एक बूट पायात, एक हातात. काखेत आईची मिरजेची पेटी, जुन्या इरकलीत गुंडाळलेली.

"अगं, आईच्या वर्षाचं कीर्तन आहे. साथीला नको?"

"आहे साथ. सुशीलच्या मोबाइलवर तानपुरा घातलाय." तिनं पेटी त्याच्या काखेतून काढून घेतली. "तू मागे बस. आणि शेवटपर्यंत बस. आख्यान मातृसेवेचं आहे, मी मुद्दाम मागून घेतलंय जयमालाताईंकडून."

तोक्योजवळच्या उरायासूतल्या वस्तीचं ते सभागृह एक ते पाच मिळालं होतं. चाळीसेक मंडळी तातामीच्या चटयांवर मांडी घालून बसली होती. सुनीतानं पेटी पुढे नेली, पण उघडली नाही. भाता बंद ठेवून तिच्यावरच आईचा फोटो ठेवला, फोटोला हार घातला. शिरीष शेवटच्या रांगेत, बुटांच्या कपाटाला टेकून बसला.

पुढच्या रांगेतला शशांक बायकोच्या कानाशी लागला, पण त्याची कुजबुज साऱ्या हॉलला पुरेल अशी होती. "हेच ना ते ओकिनावावाले? हाडं उकरतात?"

"हळू. पोराला इकडे घे जरा."

शिरीषनं ऐकलं आणि गुडघे जवळ घेतले. सव्वीस वर्षं बँकेच्या तोक्यो शाखेत तो साधा अधिकारी होता. लेजर, लॉकर, ग्योतोकु स्टेशनावरची सहा बावन्नची गाडी. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर एक आठवडा फिरायला म्हणून ओकिनावाला गेला आणि तीन वर्षं झाली, वर्षातले आठ-नऊ महिने तिथंच. दुसऱ्या महायुद्धातली तिथली लढाई संपून ऐंशी वर्षं झाली, पण दक्षिणेकडच्या गुहांमधून अजून माणसं निघतात. सैनिक थोडे, साधी माणसंच जास्त. दहा-बारा म्हातारे स्वयंसेवक छोट्या खुरप्यांनी माती ओढतात, चाळतात, एकेक हाड कागदावर मांडतात. मधूनच न फुटलेला बॉम्ब निघाला की पोलिसांना फोन करून उन्हात बसून राहतात. शिरीषला तिथं कुणी विचारलं नाही की तू कोण, कुठला. खुरपं दिलं आणि सांगितलं, मधून सुरू करू नका. कडेकडून आत या.

कीर्तनकार जयमालाताई उभ्या राहिल्या. पुण्याहून मुलाकडे आल्या होत्या. सत्तरी गाठलेली, नऊवारी, पायात लोकरी मोजे. नमन झालं, आणि त्यांची नजर पेटीवर गेली.

"पेटी तर दिसतेय. वाजवणार कोण?"

"कोणी नाही, ताई," सुनीता म्हणाली.

हॉलमधल्या निम्म्या लोकांनी शिरीषला गणपतीत वाजवताना ऐकलं होतं. मागे वळून कुणीच बघितलं नाही.

पूर्वरंग झाला. ताईंचा आवाज थकला होता, पण त्या शब्द असा ठेवत होत्या, जसं देवापुढे निरांजन ठेवावं. कीर्तनातली ही गंमत आहे. ऐकणारा कितीही कोरडा येवो, कुठल्या तरी ओळीपाशी त्याला आपली माणसं भेटतातच. आख्यानात मुलगा दूरदेशी जातो आणि आई उंबऱ्यात बसून राहते, तिथं दोन-चार बायकांनी डोळ्याला पदर लावला. सुनीता मात्र मागे वळून नेमकी शिरीषकडे बघत होती. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

ताई पदाला वर चढल्या आणि तानपुऱ्याच्या जागी मोबाइलची रिंग वाजली.

सुनीताचा नवरा सुशील धावला. "ऑफिसमधून तानाका-सान... सॉरी, सॉरी..." त्यानं काहीतरी दाबलं. रिंग बंद झाली, तानपुराही. ताईंचा स्वर एकटाच वर लटकत राहिला. त्यांनी पेटीकडे पाहिलं. शिरीष गुडघ्यावर उठला होता.

सुनीतानं फोटोवर हात ठेवला.

तो खाली बसला. मग त्यानं टाळी धरली. एक, दोन, तीन, चार. साधी भजनी टाळी, आईनं शिकवलेली. शशांकच्या पोरानं बघून बघून टाळी मिळवली, मग हळूहळू हॉलनं. ताईंनी डोळे मिटले आणि पद शेवटाला नेलं.

आरती झाली, फुलं-अक्षता उधळून झाल्या, प्रसादाचे डबे वाटले गेले. जाताना ताईंच्या पाया पडायला शिरीष वाकला, तर त्या म्हणाल्या, "टाळी फार नेटकी हो तुमची." सुनीता जवळच होती.

"नेटकी असणारच. हात बसलाय ना. नको तिथं."

"सुनी, हॉल रिकामा करायचाय. साडेचार वाजले," सुशील म्हणाला.

"तुम्ही भांडी न्या गाडीत. मी बोलणारे आज." ती शिरीषकडे वळली. "गेल्या वर्षी, त्या सोमवारी फोन केला होता मी. आई जेवत नाही म्हणून. केला होता की नाही?"

"केला होतास."

"वादळ बुधवारी आलं. विमानं बुधवारी बंद झाली. मंगळवारी काय करत होतास?"

शिरीषनं वर्षभर सगळ्यांना वादळाचंच कारण सांगितलं होतं. भटजींना, मावशीला, सुशीलला.

"खोदत होतो," तो म्हणाला. "एक बाई सापडली होती. कुशीत मूल. अर्धंच निघालं होतं. पाऊस येणार होता, पाणी भरलं असतं गुहेत. वाटलं, एक दिवस. एका दिवसानं काय होतंय."

"एक दिवस."

"हो."

"आई गुरुवारी गेली. शनिवारी मी सावडलं. बाई असून मी. स्मशानात लोक विचारत होते, मुलगा कुठाय? काय सांगायचं होतं मी? दुसऱ्यांच्या आयांची हाडं वेचतोय, म्हणून स्वतःच्या आईला वेळ नाही?" तिचा आवाज चिरकला. "तू नको होतास आज. मुलगा येणार नाही असं ताईंना कसं सांगायचं, म्हणून बोलावलं."

 

दारात सभागृहाचे रखवालदार येऊन उभे राहिले. घड्याळाकडे बघितलं, तातामीकडे बघितलं, आणि अतिशय नम्रपणे कपाळाला आठी घातली. अक्षता चटयांच्या विणीत, फटींत जाऊन बसल्या होत्या. सुनीतानं व्हॅक्युम फिरवला. फुलं गेली, तांदूळ हलेनात. ती तशीच मधोमध फतकल मारून नखानं एकेक दाणा काढू लागली आणि काढलेल्यापेक्षा जास्त आत ढकलू लागली.

शिरीषनं कोट काढला. भिंतीपाशी गुडघे टेकले, खिशातून हाडं साफ करायचा मऊ कुंचला काढला आणि विणीच्या दिशेनं मारत, दाणे कागदावर घेत सरकू लागला. घाई नाही, आवाज नाही. एक चटई झाली. दुसरी.

"मधून नको काढूस," तो न बघता म्हणाला. "कडेकडून आत ये."

ती बसून राहिली. मग उठली, त्याच्या समोरच्या भिंतीपाशी गेली आणि गुडघे टेकले. कडेच्या फटीतला एक दाणा तिनं काढला.

"सावडताना पायांकडून सुरुवात केली होती," सुनीता म्हणाली. अजून ती त्याच्याकडे बघत नव्हती. "गुरुजी म्हणाले, डोकं सगळ्यात शेवटी. आणि मुठीनं नाही उचलायचं. अंगठा आणि अनामिका."

शिरीषचा हात थांबला. त्यानं कुंचला बाजूला ठेवला. पुढच्या फटीतला पहिला दाणा त्यानं अंगठा आणि अनामिकेनं उचलला आणि कागदावर ठेवला. मग दुसरा.

दारातल्या रखवालदारांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मग त्यांनी बूट काढले आणि आवाज न करता बाहेरच बसले.