नामदेवरावांची जीभ

नामदेवरावांनी जर्दा सोडला, ही बातमी घरात कुणी मनावर घेईना. घेणार तरी का? माणूस एकदा सोडतो, फार तर दोनदा. नामदेवराव पाडव्याला सोडत, दसऱ्याला सोडत. लेक शिल्पा दहावीला बसली तेव्हा सोडला, तिला नोकरी लागली तेव्हा सोडला. प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी बेगम बाजारातल्या मित्रांबरोबर 'शेवटचं पान' व्हायचं, आणि ते इतकं थाटात व्हायचं की त्याच्या आठवणीनेच आठवडाभरात पुढचं पान तोंडात जायचं.

काशीचा किस्सा तर सांगण्यासारखा आहे. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट तिथे सोडून यायची, ही घराण्याची रीत. सुशीलाबाईंनी आंबा सोडला. नवरा काय सोडतो म्हणून त्या मोठ्या आशेने बघत होत्या. नामदेवरावांनी घाटावर हात जोडून, डोळे मिटून दोडका सोडला. दोडका त्यांना जन्मात आवडला नव्हता. तेव्हापासून दर उन्हाळ्यात सुशीलाबाई घरच्यांसाठी बेनिशान आंबे चिरतात आणि बोटांना लागलेला रस नळाखाली धुऊन टाकतात. नामदेवराव समोर बसून फोडी खातात. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि जीभ ही या माणसाची रोजीरोटी होती. कुलदीपसेठच्या मसाल्याच्या ठोक दुकानात ते पारखी होते. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, निघालेले दाणे तळहातावर चोळायचे, नाकाशी न्यायचे, दोन दाणे दाताखाली धरायचे आणि मालाचा भाव सांगायचा. उदगीरकडच्या शेतकऱ्याचं पोर हैदराबादेत येऊन सेठच्या शेजारी गादीवर बसलं, ते याच जिभेच्या जोरावर. तिच्यावर वर्षानुवर्षं जर्द्याची पुटं चढत गेली. मध्यंतरी घरी ते रोज 'अळणी आहे' म्हणून ताट सरकवायचे. मग ती कुरकुर आपोआप थांबली. बायकोचा हात सुधारला, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र पितळ उघडं पडलं. मागच्या सालचं, वास उडालेलं जिरं त्यांनी नवीन म्हणून घेतलं आणि गिऱ्हाइकांनी पोती परत पाठवली. सेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. गादीवरची चादर सारखी करत ते म्हणाले, "नामदेवजी, दिवाली तक देखते. नईं तो आप गोदाम संभालो. उमर भी हो गई ना."

गोदाम म्हणजे अंधारात पोती रचून घेत निवृत्तीची वाट बघणं. परत आलेल्या जिऱ्यातली एक पिशवी सेठनी त्यांना घरी न्यायला दिली. ती हातात घेऊन चालताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोठी भागातल्या दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं, तर ते पुरतं उघडेना. "असंच खात राहिलात तर घासही जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. "बंद केलंत तर चव परत येईल, बरीचशी. पण 'कमी करतो' हे मला सांगू नका."

शिल्पा गच्चीबावलीच्या एका कंपनीत होती. तिथे आधी माणसाला दिवसभर खुर्चीला खिळवून ठेवतात आणि मग त्याच्या फोनवर घंटी वाजवून पाणी प्यायची आठवण करतात. तिने बापाच्या फोनवर जर्दा सोडण्यासाठी तसलंच एक ॲप टाकलं. "पप्पा, रोज टिक करायचं. स्ट्रीक ब्रेक करायची नक्को हां." नामदेवरावांनी काही दिवस इमानाने टिक केलं. तोंडात जर्दा होताच.

मग एका सकाळी केशवराव दुकानात आले. उदगीरचे जुने किराणा व्यापारी, दर वर्षीचं गिऱ्हाईक. हळदीचा सौदा ठरला आणि त्यांनी पानाचा डबा उघडून पुढे केला. या बाजारात सौदा ठरला की घेणाऱ्याने पान द्यायचं आणि विकणाऱ्याने ते खायचं, म्हणजे शब्द पक्का. नामदेवरावांचे बरेच संकल्प आजवर इथेच बुडाले होते. रीत म्हणून एक पान, मग रीत म्हणून दुसरं.

त्यांचा हात सवयीने निघाला आणि अर्ध्यात थांबला.

"घ्या की," केशवराव म्हणाले. "का, सौदा मान्य नाही?"

नामदेवराव फार थकले होते. नवीन शपथ घ्यायचं त्राण नव्हतं आणि नवीन सबब शोधायचंही नव्हतं.

"सौदा मान्य आहे," ते म्हणाले. "पण केशवराव, माझी जीभ मेलीय. जर्द्यानं मेली. ही हळद मला कळली नाही, मी रंग बघून सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

पारख्याने भर दुकानात असं बोलायचं नसतं. सेठनी खाली घातलेली मान वर केली नाही. केशवरावांनी डबा हळूच मिटला. "र्‍हाऊ द्या," ते म्हणाले. "रंग तर मलाबी दिसतोय."

संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. लाज वाटायची तेवढी वाटली, पण एक झालं, त्यानंतर कुणी पान पुढे करेना.

पुढचे महिने भिकार गेले. डोकं ठणकायचं, दुपारी गादीवर पेंग यायची, बडीशेप चावून जबडा दुखायचा. सेठ आता नमुने शेजारच्या दुकानातल्या पारख्याला दाखवत आणि नामदेवराव बाजूला बसून बघत. एकदा उस्मानगंजच्या कोपऱ्यावर त्यांनी पुडी फोडलीच. घरी येऊन त्यांनी ते सुशीलाबाईंना सांगितलं. "हं," त्या म्हणाल्या आणि कणीक मळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी नामदेवरावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ना पाडवा, ना दसरा, साधा बुधवार होता.

दसरा तोंडावर आला होता. दुकानातून परत आल्यावर ते जेवायला बसले. आमटीत भाकरी कुस्करून पहिला घास घेतला आणि थांबले.

"अगं, आमटी खारट झालीय."

सुशीलाबाई तव्यापाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं. "रोजच्यासारखीच आहे."

"नाही. मिठाचा खडा लागावा तशी खारट आहे."

सुशीलाबाईंनी गॅस बंद केला. ओट्याच्या कोपऱ्यातलं दुसरं पातेलं उचलून आणलं आणि त्यातली आमटी वाटीत ओतून वाटी त्यांच्यासमोर ठेवली. "ही आमची," त्या म्हणाल्या. "माझी नि शिल्पाची."

नामदेवराव वाटीकडे बघत राहिले. "कधीपासून?"

"शिल्पा शाळेत होती. तुम्ही ताट सरकवायचात. भांडायचा कंटाळा आला, म्हणून तुमची वेगळी करायला लागले."

त्यांनी वाटी तोंडाला लावली. चिंच कळली, गूळ कळला, हिंगही कळला. मग त्यांनी फोडणीतले दोन दाणे दाताखाली धरले आणि सवयीने कपाळाला आठी पडली. "यातलं जिरं जुनं आहे. याच्यात काही राहिलेलं नाही."

"तुम्हीच आणलंय," सुशीलाबाई म्हणाल्या. "परत आलेल्या पोत्यातलं."

नामदेवरावांचे डोळे भरून आले. दिवाळीला अवकाश होता, गादी राहिली असती कदाचित. पण त्या घडीला त्यांना गादी आठवली नाही. रोज दोन पातेली घासणारे हात समोर होते, आणि त्यांनी काशीला दोडका सोडला होता.

"उद्यापासून एकच पातेलं करू का?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"कर."

"विचार करून सांगा," त्या म्हणाल्या. "पुन्हा दोन करायची ताकद नाही आता माझ्यात."

नामदेवरावांनी विचार केला. खरंच केला, बराच वेळ. मग उठून त्यांनी आपलं पातेलं उचललं आणि त्यातली आमटी मोरीत ओतली.