त्याला सांग

आमच्या घरात बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. पोराने चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र आणलं आणि ह्यांचं हातावरचं काम अडगळीत गेलं, तेव्हापासून अबोला. दुकान एक, घर एक, आणि मधे निरोप्या मी. हे म्हणणार, "त्या गाढवाला सांग." मी सांगणार, "बाबा म्हणतात." शिव्या गाळून निरोप पोचवायचा, एवढंच माझं काम.

परवा पोराने घरचा कॉम्प्युटर, दुकानाचं सगळं त्यातच, नको ते प्रोग्रॅम काढून साफ करायला घेतला. एका ठिकाणी अडला. म्हणाला, बाबांना विचार, हे डेटाबेसच्या जोडणीचं काहीतरी आहे, कॉम्प्युटरबरोबरच आलंय, लागतं का? हे म्हणाले, "काढ म्हणावं. मलाही काढ." मी सवयीने गाळून सांगितलं, काढ म्हणतात.

त्याने काढलं. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर उघडेनात.

आज संध्याकाळच्या गाडीने मला लेकीकडे जायचं होतं. पहिलं बाळंतपण, आणि तिथे तिचं करणारं कोणी नाही. जीव सगळा तिकडे लागलेला. पण दुकानाचं घोडं अडलेलं, आणि मी गेले तर ह्यांचं त्याला कोण सांगणार? पाय निघेना.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, नंबर कुठेही गेलेले नाहीत. प्रोग्रॅम आणि नंबर ह्यांच्यामधे ये-जा करणारा तुकडा तेवढा तुम्ही उडवलाय. तो दिसत नाही ना, म्हणून लोकांना वाटतं, काही करतच नाही. मी म्हटलं, मला नका सांगू.

तो सांगत गेला तसा पोराने तुकडा परत बसवला. मग कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. तो ह्यांनी ठेवलेला, आणि हे आतल्या खोलीत काच घासत बसलेले.

"बाबांना विचार," पोरगा म्हणाला.

"त्याला सांग, तोंड आहे तुला," आतून आलं.

तेवढ्यात जावयाचा फोन. कळा सुरू झाल्या होत्या. माझं डोकंच सटकलं. मी बॅग उचलली.

"मी चालले. आता बोला, नाहीतर दुकानाला कुलूप लावा."

कोणी जागचं हललं नाही. मी बाहेर येऊन दार लोटलं आणि जिन्यात चप्पल शोधायला लागले. आतून नुसता काच घासल्याचा आवाज. अक्कल नावाची चीज देवाने दोघांनाही दिली नाही, असं मनात म्हणतेय, तोच ह्यांनी पासवर्ड सांगितला. मोठ्याने, भिंतीला सांगावा तसा.

"सगळं स्मॉल?" पोराने विचारलं.

"पहिलं कॅपिटल."

खटखट झाली.

"उघडलं का?"

"उघडलं."

खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. एक चप्पल पायात, एक हातात, तशीच उभी राहिले.

"तुझी आई गेली का बघ," हे म्हणाले.

पोरगा उठला नाही. खुर्ची वाजली असती तर मला कळलं असतं.

"गेली, बाबा," तो म्हणाला.

मी दुसरी चप्पल हातातच ठेवली आणि आवाज न करता जिना उतरले.