सीताबाईच्या नावाचा तांब्या

मित्रांनो, पंजाब मास्तरांच्या खोलीत तुम्ही शिकवणीला येता, तेव्हा फळीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला एक तांब्या तुम्हाला दिसत असेल. तो मी. फिरकीचा तांब्या म्हणतात मला. झाकण फिरवून घट्ट बसवायचं, वरच्या कडीत बोटं घालून उचलायचं, की कितीही हिंदकळलो तरी पाण्याचा थेंब सांडत नाही. मी जुना आहे, पितळेचा आहे, पोटाला एक पोचा आहे. भिंतीकडे तोंड करून बसलोय, पण मी रुसलेलो नाही बरं का. मास्तरांनीच मला तसं ठेवलंय. माझ्या पोटावर एक नाव कोरलेलं आहे आणि ते नाव त्यांना पाहवत नाही.

माझा जन्म इथलाच, कारंज्याच्या एका तांबटाच्या दुकानात. मंगरूळपीरच्या एका माळ्याने मला लेकीच्या लग्नात आंदण द्यायला घेतलं. तांबटाने छिन्नीने माझ्या अंगावर ‘सौ. सीताबाई’ अशी अक्षरं कोरली. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण नाव पडलं की भांड्याला घर मिळतं, म्हणून मी मुकाट्याने सोसलं. सीताबाईबरोबर मी वाजतगाजत तिच्या सासरी, इंझोरीला गेलो आणि थोड्याच दिवसांत तिच्याबरोबर गुपचूप परतही आलो. तिचा नवरा तापाने गेला. नावामागचं ‘सौ.’ गेलं, पण माझ्या अंगावरचं कोण पुसणार? ते तसंच राहिलं.

तिच्या धाकट्या भावाचा, भगवंतरावाचा, गावाबाहेर भाजीचा मळा होता. भगवंतराव मोट हाकायचा, त्याची बायको कस्तुराबाई टोपली घेऊन बाजारात बसायची आणि सीताबाई वांग्या-कांद्यांना पाणी द्यायची. भगवंतरावाचा मुलगा पंजाब तिच्याच कडेवर वाढला. आईच्या पाठीमागे नव्हे, आत्याच्या पाठीमागे रडत जायचा. मी बांधावर लिंबाच्या सावलीत बसायचो आणि पंजाब माझ्याशेजारी बसून पुस्तक मोठ्याने वाचायचा. एका धड्यात आगबोटीचं चित्र होतं. सीताबाईने चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि ते चित्र कितीतरी वेळ पाहिलं. तिने अडाण नदीच्या पुरापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं.

“आत्या,” पंजाब म्हणाला, “मी शिकून मोठा झालो का तुले बोटीत बसवतो.”

“पह्यले पास तं होय लेका!” ती हसून म्हणाली.

पण ते तिने मनात धरलं. पुढे तो अमरावतीला कॉलेजात गेला. सुटीत घरी आला की निघताना ती त्याला हटकून छेडायची, “बोटीचं ध्यानात हाये ना रे?” आणि तो म्हणायचा, “हाओ आत्या, हाये ना!”

आणि काय सांगू, पंजाब खरंच बी. ए. पास झाला! आसपासच्या मळ्यांत एवढं कुणी शिकलं नव्हतं. भगवंतरावाने भर बाजारात पेढे वाटले आणि छाती काढून सांगून टाकलं, “दिवाळी होऊ द्या, आमी समदे आगबोटीत बसून रत्नागिरीले जातो!” पावसाळ्यात बोटी बंद असतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मग सबंध पावसाळा घरात दुसरा विषय नाही. मूर्तिजापूरपर्यंत मोटर, तिथून रेल्वे, मुंबईत बोटीचा धक्का कुठे, बोट लागली तर लिंबू चोखायचं की आवळा, सोबत धपाटे न्यायचे की दशम्या. मुंबई पाहून आलेला माणूस दिसला रे दिसला की भगवंतराव त्याला धरून बसवायचा. सीताबाईने ठेवणीतलं लुगडं काढलं, धुतलं, वाळवलं आणि पुन्हा घडी करून उशाशी ठेवलं. मला तर रात्रंदिवस समुद्राची स्वप्नं पडायची.

दिवाळी तोंडावर आली. एका संध्याकाळी सगळे ओट्यावर बसले होते. पंजाबला तोवर कारंज्याला मास्तरकी लागली होती, तोही सुटीवर आलेला. सीताबाई मला चिंच लावून घासत होती. कस्तुराबाई बोलता बोलता म्हणाली, “आपन समदे गेलो तं मळा कोन पाह्यन?”

खरंच होतं तिचं. वांगी भरात आलेली, कांद्याचं रोप नुकतंच लागलेलं.

“मी राह्यतो ना,” सीताबाई म्हणाली.

तिचा हात माझ्या पोटावर थांबला. मान खाली होती, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती पंजाबकडे पाहत होती. पंजाब पेपर वाचत होता. ऐकू आलं नाही म्हणावं, तर त्याने पानही उलटलं नाही.

“हे बेस झालं बाई!” भगवंतराव म्हणाला. किती पटकन म्हणाला हो! तिचा हात पुन्हा चालू झाला. इतक्या जोराने तिने मला कधीच घासलं नव्हतं.

आता प्रस्थानाची गोष्ट सांगतो, कारण घोळ तिथेच झाला. ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आमच्याकडे आधीच्या चांगल्या वेळेला प्रस्थान ठेवतात. म्हणजे जाणाऱ्याची स्वतःची एखादी वस्तू, सोबत तांदूळ, सुपारी, हळकुंड, असं बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. वस्तू उंबरा ओलांडून गेली की माणूस निघाला असं धरतात. मग तो सवडीने जावो. पण ते प्रस्थान परत घरात आणायचं नाही, तिथूनच उचलून वाटेला लागायचं. जोशीबुवांनी वेळ काढून दिली. कस्तुराबाईने घरभर नजर फिरवली आणि चकचकीत दिसलो मी. माझ्यात तांदूळ भरले, सुपारी घातली, मला कोऱ्या कापडात बांधलं आणि भगवंतराव मला शेजारच्या मळ्यात जमनाबाईच्या घरी घेऊन निघाला. विधवा बाईने अशा वेळी समोर येऊ नये म्हणतात. सीताबाईला तसं सांगायची वेळ कुणावर आली नाही. ती आपणहून आधीच मळ्याच्या त्या टोकाला निघून गेली होती. मी मात्र मला निवडलं म्हणून फुगून बसलो होतो. मूर्ख कुठला!

जमनाबाईची जीभ मोठी तिखट. तिने कापड सोडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“बाप्पा बाप्पा! अवो भगवंतराव, हा तं सीताबाईचा तांब्या! ज्याची वस्तू त्याचं प्रस्थान. मंग सीताबाई निंगाली, तुमी काहाचे निंगाले?”

भगवंतरावाचं तोंड एवढंसं झालं. घरात तांब्या सगळ्यांचाच म्हणून वापरात होता. तो कुणाचा, हा विचारच कुणी केला नव्हता. कस्तुराबाई धावत आली आणि तिने रडायलाच घेतलं. समुद्राचा प्रवास, आणि प्रस्थान असं उलटं झालेलं! मला परत नेता येईना, वेळ तर टळून गेलेली. शेवटी सीताबाईलाच तिथे बोलावून आणलं. पंजाबही आला.

“बाई, जरा गडबड झाली,” भगवंतराव चाचरत म्हणाला. “तांब्या तुया, म्हून प्रस्थान तुयं झालं म्हनतात. आता तुले आमच्यासंगं याच लागते. नाईतं बोटीत काई इपरीत झालं तं?”

“अन मळा?”

“पाहू. ठेवू कोनाले तरी.”

“ठेवता येत होतं व्हय कोनाले तरी?” सीताबाईने विचारलं.

भगवंतराव माझं सुटलेलं कापड उगाच सारखं करू लागला.

“अपशकुन टळावा म्हून नेता का मले?” तिने पुन्हा विचारलं. विचारलं भावाला, पण पाहत होती पंजाबकडे. अरे बोल ना लेका, मी कापडातून ओरडत होतो, एवढा शिकलास, एक शब्द बोल! म्हण, आत्या, मला तू हवीस, चल. पंजाब पायाच्या अंगठ्याने अंगणातली माती उकरत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. लाज वाटत होती त्याला, मी पाहिलं, पण लाजेने त्याचं तोंड उघडलं नाही, अजूनच मिटलं.

मग सीताबाई हसली. “येवढंच ना? तांब्या मायाच हाये ना? मंग मी तो पंजाबले देल्ला. पोरगं पास झालं, त्याले काईच देल्लं नोतं म्या. आता प्रस्थान त्याचं, अन तुमचं. झालं?”

“झालं माय, झालं!” कस्तुराबाईने सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांनीच सोडला. त्या श्वासाची मला आजही शरम वाटते.

आम्ही बोटीत बसलो मित्रांनो. समुद्र पाहिला. त्याचं वर्णन तुम्ही निबंधात वाचता, तसाच होता तो, मोठा आणि निळा. भगवंतराव पहिला तासभर लहान पोरासारखा कठड्याला लटकला होता. मग डेकवर घोंगडी अंथरून सगळे बसले आणि दशम्या सोडल्या. मला मध्ये ठेवलं. शेजारी रत्नागिरीच्या गोमतीबाई नावाच्या एक बोलक्या बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्यावरचं नाव वाचलं आणि कस्तुराबाईला विचारलं, “सीताबाई म्हणजे तुम्हीच ना हो?”

कस्तुराबाई गडबडली. नाही म्हटलं, तर मग सीताबाई कोण, ती कुठे आहे, का आली नाही, हे सगळं सांगणं आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो समुद्राकडे पाहत होता.

“हाओ,” कस्तुराबाई म्हणाली.

झालं! मग काय विचारता. “सीताबाई, या इकडे, सावलीत बसा.” “सीताबाई, आमच्याकडचं हे कोकम घ्या, मळमळणार नाही.” “सीताबाई, भाग्यवान हो तुम्ही, मुलगा शिकला आणि लगेच आईला बोटीतून घेऊन आला.” दर हाकेला कस्तुराबाईची मान आणखी खाली जायची. पंजाब उठून बोटीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि रत्नागिरीचा किनारा दिसेपर्यंत परत आला नाही. गोमतीबाईंना वाटलं, त्याला बोट लागली. मला तर वाटत होतं, झाकणासकट कुणीतरी आपल्याला समुद्रात टाकून द्यावं.

आम्ही परतलो तेव्हा सीताबाई कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडत होती. मळा हिरवागार ठेवला होता तिने, एक रोप सुकू दिलं नव्हतं. आम्हाला पाहून ती फावडं टाकून धावत आली. “आले का रे! कशी होती बोट?”

“बरी होती,” भगवंतराव म्हणाला आणि बैलांकडे निघून गेला.

कस्तुराबाईला मात्र राहवलं नाही. ती मटकन बांधावरच बसली. “बाई, मले माफ करा. तिथं एका बाईनं तांब्यावरचं नाव वाचलं, अन मी हाओ म्हनलं. समद्या रस्त्यानं मी तुमचं नाव लावून बसलो होतो.”

सीताबाई तिच्याकडे पाहतच राहिली. मग तिने पंजाबकडे पाहिलं. तो मला दोन्ही हातांत धरून उभा होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“म्हंजे मी जाऊन आली म्हना की,” ती म्हणाली. “मंग सांगा ना कोनी, कशी वाटली मले बोट?”

कस्तुराबाईने पदर तोंडात धरला. पंजाब पुढे झाला, त्याने मला तिच्यापुढे धरलं. “आत्या, पुढच्या साली तू चाल. मी येकटा नेतो तुले. अन हा तांब्या घे, तुया हाये.”

“देल्लेलं मी वापस घेत नाई बाबू,” ती म्हणाली. “अन आता कायले जा लागते? आली ना मी जाऊन.” वाफा भरून पाणी बांधावरून चाललं होतं. ती फावडं उचलून तिकडे गेली.

तेव्हापासून मी इथे, कारंज्याला आहे. मास्तर दर सुटीत मंगरूळपीरला जातात, तिला चल म्हणतात आणि ती नाही म्हणते. परत आल्यावर ते माझ्याकडे न पाहता दिवा लावतात. मला चिंच लागत नाही, पाणी लागत नाही, अंगावर हिरवट डाग चढलेत.

मित्रांनो, मला घासा, चकचकीत ठेवा, असं मी सांगणार नाही. भांड्याचं काय, घासलं की पुन्हा लख्ख निघतं. पण तुमच्या घरात प्रवासाचे बेत होतील, बोचकी बांधली जातील, आणि कुणीतरी हळूच म्हणेल, मी राहते घरी. तेव्हा बरं झालं, असं म्हणू नका. उठा, तिचा हात धरा आणि म्हणा, तू चल. ती आधी नाहीच म्हणेल, पुन्हा म्हणा. ज्या दिवशी म्हणायचं त्याच दिवशी म्हणा, नंतर म्हणून काही होत नाही. मी हे तेव्हा म्हणू शकलो नाही, कारण भांड्याला बोलता येत नाही. पंजाबला येत होतं.