पहिल्या पानावरचं थोबाड

तिने तापलेली इस्त्री शर्टाच्या कॉलरवर अशी दाबली की समोरचा बातमीदार आपसूक मागे सरकला.

"वहिनी, उद्या कोर्टात आरोपीचा वकील विचारणार, ओळखपरेडीच्या आधी पेपरातला फोटो पाहिला होता का? सरळ नाही म्हणायचं. विषय संपला."

"वहिनी कुणाला म्हणतोस रे? तुझा भाऊ नाही मेला. माझा नवरा मेलाय."

गोदामाच्या फाटकावर तिच्या पहारेकरी नवऱ्याला भोसकलं, तेव्हा त्याचा डबा घेऊन ती वीस पावलांवर पोचली होती. साक्षीदार ती एकटीच. चार दिवसांनी पोलिसांनी एकाला धरलं, आणि या बातमीदाराच्या पेपरने त्याचं थोबाड पहिल्या पानावर छापलं. वर वीतभर अक्षरं: हाच तो नराधम! ओळखपरेड त्यानंतर झाली. आठ माणसं रांगेत उभी होती. तिने क्षणात बोट दाखवलं.

"आम्ही ओरडलो नसतो, तर पोलिसांनी प्रकरण केव्हाच दाबलं असतं," तो म्हणाला.

"ते खरंय. पण ओरडायला त्याचं तोंड कशाला लागत होतं?"

"बिनतोंडाच्या बातमीला कुत्रं विचारत नाही."

"मग कुत्र्यांसाठीच काढ पेपर."

त्याचा चेहरा लाल झाला.

"पाहिला म्हणालात, तर तो सुटेल. नवऱ्याच्या खुन्याला सोडवणार तुम्ही?"

तिने इस्त्री उभी ठेवली. शर्टाची बाही उगाच दोनदा सरळ केली.

"रोज डोळे मिटून मी त्या फाटकावर जाते. तो वळतो, आणि थेट माझ्याकडे बघतो. कपाळावर केस, डावा डोळा बारीक. अगदी तुझ्या फोटोतला. पण त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. पाठ फिरवून पळाला. वळताना गाल दिसला, तेवढाच. तो गाल कसा होता, ते आता काही केल्या आठवत नाही मला."

"अहो, पण तोच आहे तो! शंभर टक्के."

"तू होतास तिथे?"

तो खिशातलं पेन चाळवू लागला.

"तू नव्हतास," ती म्हणाली. "आणि आता मीही तिथे नाही."